एल्कला किती फूट-पाउंड लागतात? आधी गोळी कुठवर जाते ते बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की इथे कोलोराडोत डेन्व्हरला आल्यापासून या वेळी पहिल्यांदाच मादी एल्कचा (एल्क म्हणजे इथलं मोठं हरीण) टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, लागलाय, हातात ६.५ क्रीडमोर काडतुसाची रायफल आहे, आणि रेंजवरच्या कुणीतरी सांगितलंय की एल्कला कमीत कमी १५०० फूट-पाउंड (गोळीच्या ऊर्जेचं माप) लागतात, तुझी रायफल ४०० यार्डांवर तेवढे देत नाही, तेव्हा सरळ ३०० विन मॅग, म्हणजे जास्त ताकदीची मॅग्नम रायफल घे. मग मॅग्नम घ्यावी का, आणि काडतूस कुठलं घ्यावं.

मॅग्नम नको घेऊस. आहे त्या रायफलमध्ये बरी गोळी घाल, अंतर तीनशेच्या आत ठेव आणि उरलेले पैसे प्रॅक्टिसला वापर. पण हे का म्हणतोय ते नीट सांगतो, कारण हा फूट-पाउंडांचा घोळ मी इतकी वर्षं इथे ऐकतोय की जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस त्यातच अडकतो, आणि त्याचे हाल शेवटी त्या जनावराला भोगावे लागतात.

आधी हिशोब. गोळीचं वजन ग्रेनमध्ये घे, वेग फूट प्रति सेकंदात घे, वजन गुणिले वेग गुणिले वेग, भागिले ४,५०,२४०, झाले फूट-पाउंड. तुझी १४३ ग्रेनची गोळी बॅरलमधून २७०० ने निघते, म्हणजे साधारण २३१५ फूट-पाउंड. ४०० यार्डांवर ती २१५०-५५ च्या आसपास येते, म्हणजे १४७५. म्हणजे रेंजवरच्या त्या गृहस्थांच्या नियमाने तू पंचवीस फूट-पाउंडांनी नापास! आता मला सांग, एल्कच्या छातीत त्या पंचविसाने काय फरक पडणार आहे. हरणाला हजार, एल्कला पंधराशे, हे आकडे लोकांनी अंदाजाने धरलेले आहेत आणि गोल आकडा लक्षात राहतो म्हणून टिकलेत.

कायद्यातही असे आकडे आहेत, ते मात्र पाळायलाच हवेत. कोलोराडोत एल्कसाठी कमीत कमी पॉइंट २४ कॅलिबर, फुलणारी गोळी (लागल्यावर पुढून पसरून रुंद होणारी), वजन किमान ८५ ग्रेन, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड. जर्मनीत रो हरणाला १०० मीटरवर १००० जूल, त्याहून मोठ्या हरणांना आणि रानडुकराला २००० जूल आणि किमान ६.५ मिलिमीटर. हे नियम कशासाठी, तर कुणी अगदीच दुबळं काडतूस घेऊन मोठ्या जनावरामागे जाऊ नये म्हणून, आणि डब्यावर छापलेला आकडा वाचून वॉर्डनला लगेच तपासता येतो म्हणून. गाळणी म्हणून ठीक आहे, पण त्यातून जनावर कसं मरतं हे कळत नाही.

ते कसं मरतं हे समजायला धनुष्यवाले बघ. इथे सप्टेंबरात धनुष्याचा सीझन असतो. चांगल्या कंपाउंड बोचा (कप्प्या लावलेल्या आधुनिक धनुष्याचा) सव्वाचारशे ग्रेनचा बाण २७० फूट प्रति सेकंदाने जातो, वरच्याच हिशोबाने सत्तर फूट-पाउंडसुद्धा होत नाहीत. आणि त्या बाणाने तीनशे किलोचा नर एल्क दोन्ही फुफ्फुसं कापली गेली की शे-दीडशे यार्डांत पडतो. दुसरीकडे १२ बोअर बंदुकीची एक औंसाची स्लग (छऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी) २५०० फूट-पाउंडांच्या जवळ असते आणि ती आतड्यात बसली तर तेच जनावर रात्रभर तडफडतं. म्हणजे मारतं काय? रक्तदाब कोसळणं. हृदय, फुफ्फुसं, त्यांच्या मधल्या मोठ्या रक्तवाहिन्या यातून मोठं भोक आरपार गेलं पाहिजे, म्हणजे मेंदूला रक्त पोचत नाही आणि जनावर बेशुद्ध होऊन पडतं. हृदयाचा अगदी भुगा झाला तरी मेंदूत शिल्लक असलेल्या ऑक्सिजनवर ते दहा-पंधरा सेकंद पळू शकतं, म्हणून हरीण 'बार खाऊनही पळालं' याचा अर्थ बार चुकला असा नसतो. जागच्या जागी पाडणारे मार दोनच, मेंदू आणि मणका, आणि दोन्ही इतके लहान की मी नवीन माणसाला तिकडे नेम धरूच देत नाही.

मग ऊर्जेचं काम काय? आहे ना. गोळी फुलायला आणि फुलल्यावर पुढे शिरत राहायला ऊर्जा लागते. गाडीत पेट्रोल किती आहे हे महत्त्वाचं असतंच, पण त्यावरून गाडी कुठे पोचणार ते कळत नाही, तसंच हे. ती ऊर्जा कुठे खर्च झाली, कातडीखालच्या पहिल्या तीन इंचांत की फुफ्फुसांच्या मधोमध की जनावर ओलांडून पलीकडच्या टेकडीत, यावर सगळं ठरतं.

न फुलणारी गोळी, म्हणजे सगळीकडून तांब्याचं जॅकेट असलेली फौजी पद्धतीची, तिचं उदाहरण घे. पॉइंट ३०८ ची अशी गोळी फुफ्फुसातून गेली की बऱ्याचदा पेन्सिलीएवढं भोक पाडून बाहेर पडते आणि आपली बरीचशी ऊर्जा सोबत घेऊन जाते. जनावर मरतं, पण तासांनी आणि मैलभर लांब, आणि कुणाला सापडत नाही. तीच ३०८ फुलून पॉइंट ६० झाली की समोरचं क्षेत्रफळ जवळजवळ चौपट होतं. वजन तेच, काडतूस तेच, डब्यावरचे फूट-पाउंड तेच, आणि परिणामात जमीन-अस्मानाचा फरक.

या फुलणाऱ्या गोळीचा इतिहास आपल्या देशातून गेलाय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्र कारखान्यात १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने ३०३ च्या गोळीचं टोक उघडं ठेवलं, कारण वायव्य सरहद्दीवर ब्रिटिश सैन्याची तक्रार होती की नवीन बारीक गोळी लागूनही माणूस चालून येतो. 'दमदम बुलेट' ती हीच. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरायला बंदी घातली गेली. आणि शिकारीत बरोबर उलटं, इथे बऱ्याच राज्यांत मोठ्या जनावरावर न फुलणारी गोळी झाडणं हाच गुन्हा आहे, कारण शिकारीत जनावर जखमी होऊन पळणं हीच सगळ्यात वाईट गोष्ट.

कुणीतरी लगेच कारामोजो बेल या जुन्या हत्ती-शिकाऱ्याचं नाव काढेल, ते बरोबरच आहे. त्या माणसाने आफ्रिकेत हजाराच्या वर हत्ती मारले आणि त्यातले पुष्कळसे २७५ रिग्बीसारख्या छोट्या रायफलने, न फुलणाऱ्या लांब गोळीने. पण तो थेट मेंदूवर मारायचा, त्याने हत्तींच्या कवट्या कापून आतली रचना शिकून घेतली होती, आणि हत्तीच्या कवटीत शिरायला गोळी न फुलणं हाच फायदा असतो. तो धडा एल्कच्या फुफ्फुसाला लावू नकोस.

आता दुसरं टोक, आणि आजकाल त्रास याचाच जास्त होतो: गोळी फार लवकर फुलणं. साध्या गोळीत शिशाचा गाभा आणि त्यावर पातळ तांब्याचं कवच एवढंच असतं. ती अडीचशे यार्डांवर झकास चालते, पण पन्नास यार्डांवर २६०० च्या वेगाने फऱ्याच्या हाडावर बसली तर कवच आणि शिसं वेगळं होतं, तुकडे होतात, खांद्यात ताटलीएवढी भयानक जखम दिसते आणि फुफ्फुस शाबूत. लक्षात घे, इथे सगळीच्या सगळी ऊर्जा जनावराच्या अंगात उतरलेली आहे! 'एनर्जी ट्रान्स्फर' हा शब्द लोक फार वापरतात, पण इथे शंभर टक्के ट्रान्स्फर होऊनही जनावर पळून गेलेलं असतं.

जॉन नॉस्लर नावाच्या ओरेगनमधल्या शिकाऱ्याला हेच १९४६ मध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबियात अनुभवाला आलं. चिखलाने माखलेला मोठा मूस समोर, हातात ३०० एच अँड एच मॅग्नम, ऊर्जा भरपूर, आणि गोळ्या आतपर्यंत पोचेचनात, बाहेरच फुटायच्या. त्याने घरी येऊन गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत ठेवली, पुढचा अर्धा भाग फुलतो, झिजतो, तुकडे पडतात, पण मागचा अर्धा भाग भिंतीमुळे टिकतो आणि शिरत जातो. ती पार्टिशन गोळी १९४८ पासून विकली जातेय आणि आजही एल्कसाठी मी डोळे झाकून देईन अशातली आहे. नंतर बॉन्डेड आल्या, त्यात शिसं कवचाला चिकटवलेलं असतं म्हणून सुटत नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटाला बार्न्सने संपूर्ण तांब्याची एक्स गोळी आणली, तिच्यात शिसं नाहीच, टोकाला पोकळी आणि फुलल्यावर चार पाकळ्या.

सोलताना पलीकडच्या बाजूला कातडीखाली बोट फिरवून बघत जा. कधीकधी तिथे सुपारीएवढी गाठ लागते, चाकूने चिरलं की गोळी हातात येते. एल्कची कातडी लवचिक आणि जाड असते, बाहेर पडता पडता गोळी तिच्यातच अडकते. ती घरी आणून धू आणि ग्रेनच्या काट्यावर ठेव. साध्या शिसे-कवचाच्या गोळीचं वजन अर्धं-पाऊण उरतं, पार्टिशनचं साधारण साठ-सत्तर टक्के, बॉन्डेडचं त्याहून बरंच जास्त, तांब्याची पाकळ्या शाबूत असतील तर जवळजवळ सगळी. मात्र वजन टिकलं म्हणजे गोळी उत्तम असंही धरू नकोस. न फुललेल्या गोळीचंही वजन शंभर टक्के टिकतं. किती रुंद झाली आणि कुठवर गेली, दोन्ही एकत्र बघायचं, आणि त्यासोबत फुफ्फुसं हातात घेऊन बघायची, दोन्हीत भोक आहे का, किती मोठं आहे. मी हे प्रत्येक वेळी करतो आणि सोबतच्यांनाही करायला लावतो, डब्यावरच्या चित्रापेक्षा यातून जास्त समजतं.

आता मुख्य मुद्दा: तू फूट-पाउंडांऐवजी लागतानाचा वेग बघ. प्रत्येक फुलणाऱ्या गोळीला एक खालची मर्यादा असते, त्याखाली ती फुलत नाही, आणि बऱ्याच गोळ्यांना वरचीही असते, त्यावर ती टिकत नाही. बहुतेक शिकारी गोळ्यांची खालची मर्यादा १८०० च्या आसपास धर, तांब्याच्या गोळीला मी स्वतः २००० च्या खाली जाऊ देत नाही, आणि लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या काही मऊ गोळ्या १६०० लाही फुलतात. कंपनीच्या साईटवर तो आकडा दिलेला असतो, शोधून काढ. तुझी ६.५ चारशे यार्डांवरही २१५० ने जातेय, म्हणजे फुलण्यापुरता वेग तिच्यात खुशाल आहे. याउलट १५० ग्रेनची ३०-३० सुरुवातीलाच २३९० ने निघते, चपट्या नाकामुळे वेग भराभर पडतो, दोनशेच्या पुढे तिच्याकडून अपेक्षा ठेवायची नाही, पण शंभर यार्डांच्या आत झाडीत ती शंभर वर्षांहून जास्त काळ हरणं पाडत आलीये कारण तिची गोळी त्याच वेगाला फुलेल अशी बनवलेली असते.

डब्यावरचा वेग मात्र तसाच्या तसा धरू नकोस. तो सहसा २४ इंची टेस्ट बॅरलचा असतो, तुझं बॅरल २० किंवा २२ इंची असेल तर इंचामागे वीस-पंचवीस फूट प्रति सेकंद वजा कर. कुणाचा तरी क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) आणून एकदा मोजच. दुसरीकडे कोलोराडोची उंची तुझ्या बाजूने आहे. नऊ-दहा हजार फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या पाऊणपट किंवा त्याहूनही विरळ, गोळीला अडवणारं कमी, त्यामुळे ४०० यार्डांवर कागदावर दिसतो त्यापेक्षा जास्त वेग शिल्लक राहतो. बॅलिस्टिक ॲपमध्ये उंची आणि तापमान घालायला विसरू नकोस.

'हायड्रोस्टॅटिक शॉक'बद्दल, म्हणजे गोळीच्या नुसत्या धक्क्यानेच जनावर पडतं या कल्पनेबद्दल, विचारशीलच. वेगवान गोळी मांसातून जाताना आजूबाजूचा भाग क्षणभर ताणला जातो आणि परत येतो, ही तात्पुरती पोकळी. कायमची पोकळी म्हणजे खरोखर चिरडला गेलेला मार्ग. अमेरिकन सैन्याचे सर्जन मार्टिन फॅकलर यांनी जिलेटिनच्या ठोकळ्यांवर हे बारकाईने तपासलं आणि दाखवलं की तात्पुरत्या ताणाचा परिणाम अवयवावर अवलंबून असतो. फुफ्फुस हवेने भरलेलं, लवचिक, ते ताण सोसतं. लिव्हर घट्ट, तो फाटतो. आणि गोळीचे तुकडे आधी भोकं पाडून गेले असतील तर ताणामुळे त्या भोकांमध्ये फाटत जातं, जखम खूप मोठी होते. म्हणून रायफलच्या वेगाला काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही, दोन हजारांच्या वर तो परिणाम जाणवतो, हरीण जागीच कोसळताना मी पाहिलंय जिथे मणक्याला धक्काही नव्हता. पण तो भरवशाचा नाही. एकाच जागी, एकाच गोळीने एक पडतं आणि दुसरं ऐंशी यार्ड पळतं. जे भरवशाचं नाही त्यावर रायफल ठरवायची नसते.

मॅग्नमबद्दल. ३०० विन मॅग ४०० यार्डांवर साधारण २००० फूट-पाउंड देते, गोळी जाड आणि जड, हाड फोडून आत जायला जास्त वाव, हे सगळं खरं आहे आणि वर्षानुवर्षं नेमबाजी केलेल्या माणसाच्या हातात ती सुंदर रायफल आहे. पण धक्का तुझ्या रायफलच्या दुपटीहून जास्त. नवीन माणूस दहा-बारा बारांनंतर ट्रिगर दाबताना डोळे मिटायला लागतो, खांदा पुढे ढकलायला लागतो, आणि त्याला ते कळतही नाही. रिकामं काडतूस मधेच भरून दिलं की रायफलचं तोंड कसं खाली जातं ते बघ, लगेच समजतं. ऊर्जा वाढवून गोळी आतड्यात नेण्यापेक्षा कमी ऊर्जेची गोळी फुफ्फुसात गेलेली हजारपट बरी. चारशे यार्डांवर तुझी खरी अडचण वाऱ्याची आहे, ताशी दहा मैलांचा आडवा वारा तुझ्या गोळीला आठ-नऊ इंच बाजूला नेतो, आणि एल्कच्या छातीतली मारायची जागा फूटभर. दऱ्यांमध्ये वारा इथे एक आणि तिथे वेगळाच. त्यावर फूट-पाउंडांचा इलाज नाही, जवळ जाणं हाच इलाज.

काडतूस असं घे: १४० ग्रेनची पार्टिशन किंवा बॉन्डेड, नाहीतर १२७ ग्रेनची तांब्याची. तांबं शिशापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून तांब्यात एक पायरी हलकी घ्यायची, शिरण्यात काही कमी पडत नाही कारण वजन झडत नाही. तुझ्याकडे असलेली १४३ ग्रेनची मऊ टोकाची गोळी हरणाला, प्राँगहॉर्नला छान आहे, एल्कलाही दोनशेच्या पुढे बरगड्यांतून चालते, पण काळ्या झाडीत साठ यार्डांवर एल्क खांदा देऊन उभी राहिली तर त्या गोळीवर माझा भरवसा नाही आणि पहिल्या सीझनला असं घडण्याची शक्यताच जास्त.

घरात लहान मुलं असतील तर तांबंच घे, हे मी आग्रहाने सांगतो. शिशाची गोळी फुटते तेव्हा बारीक कण जखमेपासून बऱ्याच लांबवर मांसात जातात, डोळ्याला दिसत नाहीत, एक्स-रेमध्ये दिसतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांना वाटलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले म्हणून ते मांस फेकून द्यायला सांगितलं होतं. आणि मागे टाकलेल्या आतड्यांवर गरुड, गिधाडं येतात, कॅलिफोर्नियात काँडॉर याच्यापायी मरत होते म्हणून तिथे २०१९ च्या १ जुलैपासून शिकारीत शिशावर पूर्ण बंदी आहे. कोलोराडोत बंदी नाही, तरी जखमेभोवतीचं काळं-निळं रक्त साकळलेलं मांस हात राखून न कापता भरपूर कापून टाक, खिम्यात तर घालूच नकोस.

नेम कुठे धरायचा: जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जा, छातीच्या उंचीचा खालून एक तृतीयांश, तिथे. आपल्यापासून पलीकडे तोंड करून जरा तिरपं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायावर नेम धर आणि गोळी कुठून शिरते याची चिंता सोड, ती फुफ्फुसातून तिरपी जाईल. पूर्ण पाठमोरं असेल तर झाडूच नकोस, तिथे कुठल्याही काडतुसाचे फूट-पाउंड पुरत नाहीत. आरपार गेलेली गोळी मला आवडते, खालच्या बाजूला बाहेर पडायचं भोक असेल तर रक्ताचा माग लागतो. एल्क बार लागल्यावर पुष्कळदा नुसती उभीच राहते, काही झालंच नाही अशी, तेव्हा बघत बसू नकोस, बोल्ट मागे-पुढे कर आणि ती उभी आहे तोवर दुसरा बार घाल, तिसराही घाल. पळालीच तर शेवटची कुठे दिसली ते झाड लक्षात ठेव आणि अर्धा तास थांब. रक्त फिकट गुलाबी, फेसाळ असेल तर फुफ्फुस, जवळच सापडेल. गडद लाल असेल तर लिव्हर असू शकतो, तास-दोन तास जाऊ दे. हिरवट, वास येणारं काही दिसलं तर आतडं, मग पाच-सहा तास मागे जायचंच नाही, नाहीतर ती उठून दुसऱ्या दरीत जाते.

भारतातले काही जण हे वाचतील म्हणून एवढंच, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, जुन्या लोकांच्या तोंडी अजून बाराबोअर बंदुकीच्या आणि तिच्या काडतुसांच्या गोष्टी असतात पण हे सगळं लिहिलंय ते इथल्या टॅग आणि सीझनच्या शिकारीबद्दल.

जे काडतूस ठरवशील त्याचे डबे आताच घे, एकाच लॉटचे, सप्टेंबर आला की दुकानांत मिळत नाहीत. तांब्याची गोळी काही बॅरलना मानवत नाही, म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारचा एकेक डबा आणून शंभर यार्डांवर कुठल्या डब्यातल्या गोळ्या एकमेकींच्या जवळ बसतात ते बघ आणि त्यांच्यावरच झीरो कर, म्हणजे रायफलचा नेम जुळवून घे. मग बेंच सोड, बसून, गुडघ्यावर, काठीला टेकवून, दोनशे यार्डांवर जेवणाच्या ताटाएवढ्या कागदावर मार. सगळ्या गोळ्या ताटात बसतात ते तुझं अंतर, ते दोनशे निघालं तर दोनशे.